शक्यतेचे गणित आपणच मांडले पाहिजे

गेली काही वर्षे मी एका वस्तीतल्या अभ्यासिकेत अकरावी-बारावीच्या मुलामुलींना गणित शिकवतो. दरवर्षी एक प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी माझ्यापुढे येतो : ‘सर, माझा नंबर लागेल का?’ पूर्वी हा प्रश्न डी.एड., पॉलिटेक्निक, फार तर इंजिनिअरिंगविषयी असे. अलीकडे एखादी मुलगी आयआयएमचे नाव घेते. बारावीनंतर लगेच तिथे पाच वर्षांचा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम असतो, हे तिने कुठेतरी ऐकलेले असते. या प्रश्नाला तिला मिळणारी उत्तरे ठरलेली आहेत. घरचे म्हणतात, ‘ते आपलं काम नाही, बाई.’ कॉलेजातले काही गुरुजन गालात हसतात. शिकवणीवाले भिंतभर फलक लावून यशाची हमी देतात आणि पुढे फीचा आकडा सांगतात. ही तिन्ही उत्तरे एका बाबतीत सारखीच आहेत : ती देताना कोणीही त्या मुलीची शक्यता मोजलेली नसते.

माझे म्हणणे साधे आहे. प्रवेशाची शक्यता ही नशिबाची गोष्ट नाही आणि कोणाच्या आशीर्वादाचीही नाही. ती बऱ्याच अंशी कागद-पेन्सिलीने मांडता येते. ज्याला ती मांडता येत नाही, त्याची शक्यता दुसरा कोणीतरी मांडतो, आणि आपल्या बाबतीत त्या दुसऱ्याने आजवर शून्यच मांडले आहे. म्हणून हे गणित कसे करायचे ते येथे सविस्तर सांगतो. उदाहरणासाठी आयआयएम इंदूर घेऊ. पाच वर्षांचा हा एकात्मिक अभ्यासक्रम, ज्याला आयपीएम म्हणतात, या संस्थेने २०११ साली सुरू केला. पुढे रोहतक, रांची, बोधगया, जम्मू येथल्या आयआयएमनीही तो मार्ग धरला.

कोणी विचारील, दलित मुलांनी व्यवस्थापनशास्त्रामागे का लागावे? उत्तर इतिहासात आहे. व्यापार-उदीम, पेढी, पतपुरवठा यांपासून जातिव्यवस्थेने आपल्याला ठरवून दूर ठेवले. पैसा कसा फिरतो हे ज्ञान घराघरांत बापाकडून मुलाकडे गेले, आणि आपल्या घरांत ते नव्हतेच. बाबासाहेब १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. ते कॉलेज वाणिज्य शिक्षणासाठीच १९१३ साली निघाले होते. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ चा. म्हणजे या विषयाशी आपले नाते कालपरवाचे नाही. सरकारी नोकऱ्यांची वाट अरुंद होत असताना खाजगी क्षेत्रात निर्णय घेणाऱ्या खुर्च्यांपर्यंत जाणाऱ्या वाटा आपल्या मुलांना माहीत नसणे परवडणारे नाही.

आता गणिताकडे वळू. पहिली भीती असते ती अर्जांच्या आकड्याची. ‘हजारोंनी अर्ज, जागा दीडशे’ असे वाक्य वर्तमानपत्रात आले की निम्मी मुले मनातल्या मनात मागे सरतात. पण हा भागाकारच चुकीचा आहे. अर्ज करणाऱ्यांत परीक्षेला न बसणारे असतात, तयारी न करता बसणारे असतात, आणि निवड होऊनही दुसरीकडे जाणारे असतात. शेवटच्या गटामुळेच प्रतीक्षायादी पुढे सरकते. तेव्हा ‘एकूण किती अर्ज’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘माझ्या रांगेत किती जागा आणि मुलाखतीला किती जणांना बोलावतात’ हा प्रश्न विचारला पाहिजे.

जागांची वाटणी कायद्याने ठरलेली आहे. केंद्रीय शिक्षणसंस्थांतील प्रवेश-आरक्षणाचा कायदा २००६ चा. त्यानुसार अनुसूचित जातींना १५ टक्के, अनुसूचित जमातींना ७.५ टक्के आणि इतर मागासवर्गीयांना २७ टक्के जागा आहेत. ओबीसींच्या जागांना सर्वोच्च न्यायालयाची मान्यता २००८ मध्ये मिळाली. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीनंतर आर्थिक दुर्बल घटकांसाठी १० टक्के आले. जागा १५० धरल्या तर अनुसूचित जातींच्या वाट्याला बावीस-तेवीस, जमातींच्या वाट्याला अकरा, ओबीसींच्या वाट्याला चाळीस-एक्केचाळीस आणि खुल्या सुमारे साठ असा हिशेब होतो. जागांची संख्या बदलू शकते. म्हणून त्या वर्षीचे प्रवेशपत्रक हातात घेऊन हा गुणाकार मुलाने स्वतः करावा.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्यासाठी फक्त त्या बावीस-तेवीस जागा आणि बाकीच्या ‘त्यांच्या’, असे आपलीच माणसे बोलतात. खुली जागा याचा अर्थ सर्वांना खुली. राखीव वर्गातला विद्यार्थी स्वतःच्या गुणांवर खुल्या यादीत आला, तर त्याची गणना राखीव जागेत करायची नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली महाराष्ट्रातल्याच वैद्यकीय प्रवेशाच्या एका खटल्यात स्पष्ट केले आहे. म्हणजे आपल्या मुलापुढे रांगा दोन आहेत. शक्यता मोजताना दोन्हींची उंची पाहावी.

परीक्षेचे स्वरूप कळल्याशिवाय पुढचे गणित होत नाही. इंदूरच्या परीक्षेला आयपीमॅट म्हणतात. २०२४ च्या परीक्षेत तीन विभाग होते : पर्याय दिलेले गणिताचे ३० प्रश्न, पर्याय नसलेले गणिताचे १५ प्रश्न आणि इंग्रजी भाषेचे ४५ प्रश्न. प्रत्येक विभागाला ४० मिनिटे. एका विभागातला उरलेला वेळ दुसऱ्यात नेता येत नाही. बरोबर उत्तराला ४ गुण आणि पर्यायी प्रश्नातल्या चुकीला १ गुण वजा. एकूण गुण ३६०. मुलाखतीला बोलावताना प्रत्येक विभागात किमान गुणरेषा ओलांडलेली असावी लागते, आणि ही रेषा प्रवर्गानुसार वेगवेगळी असते. याचा अर्थ दाराला तीन कुलपे आहेत. दोन उघडली आणि तिसरे राहिले, तर एकूण बेरीज कितीही झाली तरी दार बंदच.

आपल्या मुलांचे तिसरे कुलूप बहुधा इंग्रजीचे असते. ९० पैकी ४५ प्रश्न, म्हणजे ३६० पैकी १८० गुण, त्या एका भाषेचे आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलेल्या मुलीसाठी ही बुद्धीची परीक्षा नव्हे, कोणत्या घरात कोणते वर्तमानपत्र येत होते याची परीक्षा आहे. हा अन्याय आहे असे मी म्हणतो आणि चळवळीने तो वेशीवर टांगावा असेही म्हणतो. पण त्या मुलीला पुढच्या उन्हाळ्यात परीक्षा द्यायची आहे. तिला मी एवढेच सांगतो की अकरावीपासून रोज एक इंग्रजी अग्रलेख वाच, अनोळखी शब्द वहीत उतरव, आणि उताऱ्यावरचे प्रश्न घड्याळ लावून सोडव. दोन वर्षांत हे कुलूप उघडते. परीक्षेच्या आधीच्या दोन महिन्यांत मात्र उघडत नाही.

पर्सेन्टाइल हा दुसरा शब्द मुलांना घाबरवतो. टक्के म्हणजे शंभरातले किती गुण मिळाले ते. पर्सेन्टाइल म्हणजे शंभरातली किती माणसे आपल्या मागे आहेत ते. दहा हजारांनी परीक्षा दिली आणि तुमचा पर्सेन्टाइल ९० असेल, तर सुमारे नऊ हजार तुमच्या मागे आणि हजारभर पुढे आहेत. बारावीत पन्नास टक्के म्हणजे घरात सुतक, पण अशा कठीण परीक्षेत निम्मे गुण मिळवणारा पुष्कळांच्या पुढे असतो. म्हणून सराव परीक्षेत ३६० पैकी १५० पाहून रडू नये. ते गुण कोणत्या रांगेत कुठे उभे राहतात ते पाहावे.

वजा गुणांची भीतीही मोजून पाहावी. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एकावर बोट ठेवले, तर चारदा असे केल्यावर सरासरीने एकदा ४ गुण मिळतात आणि तीनदा १-१ जातो. म्हणजे चार प्रश्नांत एक गुण पदरात पडतो, तोटा होत नाही. एक पर्याय खात्रीने खोडता आला, तर तीन प्रश्नांत ४ मिळून २ जातात, म्हणजे दोन गुणांचा नफा. दोन पर्याय खोडता आले, तर दोन प्रश्नांत तीन गुणांचा नफा. आणि पर्याय नसलेल्या विभागात चुकीला वजा गुणच नाहीत, तेव्हा तिथला एकही प्रश्न कोरा सोडणे म्हणजे हातचे टाकणे. ‘चुकलो तर’ या धाकाने आपली मुले कागद कोरा ठेवतात, असा माझा अनुभव आहे. शाळेत चूक झाली की इतरांना छडी आणि आपल्याला जात ऐकावी लागे. त्यातून आलेला हा धाक आहे. तो परीक्षागृहात नेऊ नये.

आता मुख्य हिशेब. मुलाने घड्याळ लावून, मध्ये न उठता, पाच सराव परीक्षा द्याव्यात. समजण्यापुरते आकडे कल्पू. समजा गुण आले ९६, १४१, ११८, १०९ आणि १२७. मुलगा सगळीकडे १४१ सांगतो आणि आईला मात्र ९६ ची काळजी लागते. दोघांनीही मधला आकडा धरावा. चढत्या क्रमाने लावले तर तो ११८ आहे. समजा त्याच्या प्रवर्गाची मागच्या वर्षीची मुलाखतीची रेषा १२० होती. पाचांपैकी दोनदा तो वर गेला, म्हणून शक्यता पाचात दोन. पण थांबा. १४१ च्या परीक्षेत इंग्रजीच्या विभागात तो किमान रेषेखाली होता. ती परीक्षा बाद. उरली पाचात एक.

पुढे मुलाखत. समजा एका जागेमागे पाचांना बोलावतात. दुसरी काही माहिती नसताना बोलावणे आलेल्याची शक्यता पाचात एक. दोन्ही पायऱ्या चढायच्या असल्याने गुणाकार करायचा : एक पंचमांश गुणिले एक पंचमांश, म्हणजे पंचवीसात एक. शंभरात चार. हा आकडा पाहून कोणीही खचेल. पण हा आजचा आकडा आहे. तीन महिने इंग्रजीच्या विभागावर बसून काम केले आणि पुन्हा पाच परीक्षांत चारदा तिन्ही रेषा ओलांडल्या, तर पहिली पायरी पाचात चार झाली. लेखी गुण वाढल्यामुळे मुलाखतीनंतरची शक्यता तिनात एक धरू. गुणाकार पंधरात चार, म्हणजे शंभरात सुमारे सत्तावीस. तोच मुलगा, तीच वस्ती, तेच आईबाप, आणि शक्यता सहापटीहून अधिक. आकडे माझे कल्पित आहेत, पण रीत खरी आहे. ज्याला स्वतःचा आकडा ठाऊक असतो त्याला कोणत्या विभागावर मेहनत घ्यायची ते कळते. ज्याला तो ठाऊक नसतो तो सगळेच थोडे थोडे करतो.

अंतिम निवडीत इंदूरने २०२४ मध्ये लेखी परीक्षेला ६५ टक्के आणि मुलाखतीला ३५ टक्के वजन दिले. याचा परिणाम पाहा. दोन उमेदवार घ्या. पहिल्याला लेखीत शंभरपैकी ७० आणि मुलाखतीत ४०. त्याची बेरीज ४५.५ अधिक १४, म्हणजे ५९.५. दुसऱ्याला लेखीत ६० आणि मुलाखतीत ६५. त्याची बेरीज ३९ अधिक २२.७५, म्हणजे ६१.७५. दुसरा पुढे गेला. मुलाखतीत आपल्या मुलांचा आवाज खाली जातो, कारण अनोळखी इंग्रजी बोलणाऱ्यांसमोर बसण्याची सवय नसते. पण त्यांच्यापाशी सांगण्यासारखे असते. आईचा भाजीचा गाडा रोज कर्जाने भांडवल उचलतो आणि संध्याकाळी फेडतो, तो व्याजदर वर्षाला किती पडतो, हे ज्या मुलीला मोजून सांगता येते, तिला अर्थव्यवहार शिकवायला नको. आपले जगणे लपवायची वस्तू नाही, हे तिला कोणीतरी आधी सांगितले पाहिजे. अभ्यासिकेत आठवड्यातून एकदा तिला पाच जणांपुढे बसवून प्रश्न विचारले, तरी पुष्कळ फरक पडतो.

कागदपत्रांचा हिशेब शक्यतेच्या बाहेरचा वाटतो, पण तो आतलाच आहे. धर्मांतर १९५६ साली झाले. बौद्धांना केंद्राने अनुसूचित जातींत धरले ते १९९० च्या कायदादुरुस्तीनंतर. आणि केंद्राच्या यादीत ‘नवबौद्ध’ नावाची जात नाही. म्हणून केंद्रीय संस्थेसाठी दाखला केंद्राच्या नमुन्यातला आणि मूळ अनुसूचित जातीचे नाव नोंदलेला असावा लागतो. ओबीसी विद्यार्थ्याचे नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्रही केंद्राच्या नमुन्यातले आणि मुदतीतले हवे. हे दाखले तहसील कचेरीतून निघायला वेळ लागतो. परीक्षा झाल्यावर धावाधाव सुरू केली, तर मिळवलेली शक्यता एका कागदापायी शून्य होते. अकरावीतच हे काम संपवावे.

आणि पैसा. पाच वर्षांचा एकूण खर्च तीस लाखांच्या पुढे जातो. हा आकडा ऐकूनच बहुतेक घरांत विषय संपतो. तिथे थांबू नये. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सामाजिक न्याय मंत्रालयाची उच्च श्रेणी शिक्षण शिष्यवृत्ती २००७ पासून आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असले आणि संस्था यादीत असली, तर सरकारी संस्थेची शिकवणी फी तीतून भरली जाते. आयआयएम या यादीत आहेत. मात्र प्रत्येक संस्थेला मिळणाऱ्या शिष्यवृत्त्यांची संख्या मर्यादित असते. म्हणून त्या वर्षी त्या संस्थेला किती आहेत, हे प्रवेशाच्या आधी लेखी विचारून घ्यावे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारणाशिवाय कर्जाची सोय आहे. शिवाय इंदूरच्या अभ्यासक्रमात तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडण्याची वाटही आहे. कर्ज हे कर्जच, त्याची गोडी मी लावणार नाही. पण फीचा आकडा पाहून अर्जच न करणे आणि सगळ्या वाटा तपासून नाही म्हणणे यांत फरक आहे.

शेवटचा हिशेब अनेक दारांचा. एकाच संस्थेवर जीव टांगू नये. बोधगया आणि जम्मू येथल्या आयआयएमसाठी २०२१ पासून जिपमॅट ही वेगळी परीक्षा आहे, रोहतकची परीक्षा स्वतंत्र आहे, आणि दिल्लीच्या शहीद सुखदेव कॉलेजातल्या व्यवस्थापन अभ्यासक्रमाला २०२२ पासून सीयूईटीने प्रवेश मिळतो. महाराष्ट्रात बीबीए, बीएमएससाठी राज्याची सीईटी २०२४ साली सुरू झाली. काही संस्था दहावी-बारावीच्या गुणांनाही वजन देतात, तेव्हा शाळेत चांगले गुण असलेल्याने तिकडे अधिक लक्ष द्यावे. समजा चार ठिकाणी प्रत्येकी चारात एक अशी शक्यता आहे. चारही ठिकाणी नकार मिळण्याची शक्यता पाऊण गुणिले पाऊण असे चार वेळा, म्हणजे शंभरात बत्तीस. कुठेतरी एका ठिकाणी होकार मिळण्याची शक्यता शंभरात अडुसष्ट. प्रत्यक्षात ती याहून कमी असते, कारण एकीकडे नडलेले इंग्रजी दुसरीकडेही नडते. तरीही एका दारापेक्षा चार दारे केव्हाही बरी.

हे गणित काय मोजत नाही, तेही सांगितले पाहिजे. राखीव रांगेतही सगळे सारखे नाहीत. आपल्याच समाजातल्या अधिकाऱ्याचा शहरातल्या इंग्रजी शाळेत शिकलेला मुलगा आणि ऊसतोड कामगाराची मुलगी एकाच रेषेसाठी धावतात. पहिल्याच्या घरी हे सगळे आधीच ठाऊक असते. त्याचा मी हेवा करत नाही, त्याच्या आजोबांनीही काही सोसलेच असेल. पण ज्यांच्या घरात ही माहिती पोचली आहे, त्यांनी ती पुढच्या घरापर्यंत नेली नाही, तर राखीव जागा आपल्यातल्याच काही घरांभोवती फिरत राहतील.

‘कोट्यातून आलास’ हा टोमणाही या मुलांना ऐकावा लागेल. त्यांनी उत्तर तयार ठेवावे. तीन कुलपे त्यांनीही उघडलेली असतात, आत गेल्यावर प्रश्नपत्रिका सर्वांना एकच असते, आणि ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पेढी चालली, त्यांच्या शक्यतेत त्या पेढीचे वजन कोणी वजा केलेले नसते.

पण त्या टोमण्यापर्यंत पोचणारी मुलेच थोडी. मला अधिक टोचतात ती अर्जच न केलेली मुले. नापास झालेल्यांची यादी निघते, न बसलेल्यांची यादी कुठेच निघत नाही. ती प्रत्येक वस्तीने स्वतः काढली पाहिजे : यंदा आपल्याकडे बारावीला किती होते, त्यांतल्या किती जणांनी अशा एखाद्या परीक्षेचा अर्ज भरला, आणि ज्यांनी भरला नाही त्यांना नाही कोणी म्हटले. बुद्धविहारात, ग्रंथालयात, जयंतीच्या मंडळात हे काम एका रविवारी होण्यासारखे आहे. त्याला एक वही, मागच्या वर्षीच्या गुणरेषा आणि गणित येणारा एक माणूस एवढेच लागते.